मलम संपलं की गजकर्ण पुन्हा उलटतं: घरात नेमकं काय करायचं?

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे: ‘ओसरी’ प्रश्न विचारतो, ‘चर्मविद्या’ हे डॉक्टर, ‘काउंटरपलीकडे’ औषधाच्या दुकानातले.)

ओसरी

घरात सहा माणसं, दोन खोल्या, एक मोरी. तिघांना गजकर्ण आहे. एका पुरुषाला दोन्ही जांघांत, एका बाईला परकराची नाडी बसते तिथे कमरेभोवती, आणि आठवीतल्या मुलाला पोटावर व दंडावर. चट्ट्याची कड उठलेली, मधला भाग त्यामानाने साफ, रात्री खाज जास्त. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने चार दिवसांत खाज आणि लाली जाते. ट्यूब संपली की दहा-बारा दिवसांत चट्टा पहिल्यापेक्षा मोठा. ट्यूबवर क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन अशी चार नावं आहेत आणि तिघांत मिळून एकच ट्यूब वापरली जाते.

विचारायचं ते असं: हे मलम बरोबर आहे का? नसेल तर कोणतं, किती आणि किती दिवस? पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यांचं काय करायचं? ज्यांना काही झालेलं नाही त्या तिघांनीही काही करायला हवं का? त्यांतल्या आजींना साखर आहे.

चर्मविद्या

ते मलम आजच बंद करा. चार नावांपैकी पहिलंच, क्लोबेटासॉल, हे कातडीवर लावायच्या सर्वांत जहाल स्टिरॉइडांपैकी एक आहे. गजकर्णाची बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या मेलेल्या थरात राहते आणि त्यातलं केराटिन नावाचं प्रथिन खाते. आपल्याला दिसणारी लाली आणि खाज म्हणजे शरीर तिच्याशी लढत असल्याची खूण. स्टिरॉइड ती लढाईच थांबवतं. म्हणून चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि बुरशी मात्र विनाअडथळा पसरत राहते. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल बुरशीवर चालतच नाहीत. उरलं टर्बिनाफिन. ते बुरशीचं औषध खरं, पण स्टिरॉइडसोबत आणि असं तुटक तुटक लावल्यावर त्याचा उपयोग होत नाही. जांघेतली कातडी पातळ असते, तिथे स्टिरॉइड भराभर शोषलं जातं. काही आठवड्यांत कातडी विरते आणि लांब पांढरट-जांभळट भेगांसारखे वळ उमटतात. ते वळ पुढे कायमचे राहतात. मुलाला तर हे मलम एकदाही लावू नका.

त्याच्या जागी एकच औषध असलेलं मलम घ्या: क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिवसातून दोनदा, किंवा लुलिकोनॅझोल १ टक्का दिवसातून एकदा. दोन्ही एकत्र लावायची गरज नाही.

लावायची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. आंघोळीनंतर जागा टिपून कोरडी करा आणि पाच-दहा मिनिटं उघडी राहू द्या, कारण ओलसर कातडीवर मलम बसत नाही. जिवंत बुरशी कडेला असते. बहुतेक लोक मात्र मधोमध थापतात. कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड बोट, निरोगी दिसणाऱ्या कातडीपासून सुरुवात करा आणि आत येत जा. चोळून जिरवायचं नाही, पातळ थर पसरायचा.

आता माप. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघा मिळून चार तळहात भरत असतील तर एका वेळी एक ग्रॅम लागेल. क्लोट्रिमॅझोल दोनदा लावायचं म्हणजे रोज दोन ग्रॅम, आणि १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपणार. सहा आठवड्यांना ८४ ग्रॅम लागतात. एक ट्यूब तिघांनी महिनाभर वापरली असेल तर औषध मुळात पोहोचलेलंच नाही. प्रत्येकाची ट्यूब वेगळी हवी, ३० ग्रॅमची घेतलेली बरी.

मुदत म्हणाल तर कड पूर्ण सपाट, कोंडा नाही, खाज नाही, असं झाल्यावरही आणखी दोन आठवडे. सगळं मिळून चार ते सहा आठवडे धरून चाला. खाज थांबली की मलम थांबवलं, इथेच निम्मी घरं चुकतात.

काउंटरपलीकडे

डॉक्टरांनी सांगितलं त्याला दुकानाच्या बाजूने जोड देतो. ट्यूबचं ठळक नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. ज्या घटकाचं नाव ‘सोन’ वर संपतं तो बहुधा स्टिरॉइड: बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन. क्लोबेटासॉल आणि हॅलोबेटासॉल ही दोन फसवी नावं आहेत. कानाला ती क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल यांच्या घरातली वाटतात, पण ‘झोल’ वेगळं आणि ‘टासॉल’ वेगळं. पहिलं बहुधा बुरशी मारतं (तुमच्या ट्यूबमधलं ऑर्निडाझोल मात्र नाही), दुसरं स्टिरॉइड आहे. फ्लुओसिनोलोनही त्याच यादीत. नावापुढे जीएम, एन, प्लस असं शेपूट दिसलं तर तीन-चार औषधांची मिसळ आहे असं समजा आणि मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टिरॉइड असलेली अशी मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ‘खाजेचं चांगलं मलम द्या’ म्हटलं की अनेक ठिकाणी हीच पुढे येतात, कारण दोन दिवसांत गुण दिसतो आणि गिऱ्हाईक परत येतं. म्हणून दुकानात खाजेचं नाव काढू नका, औषधाचं नाव सांगा: ‘क्लोट्रिमॅझोल एक टक्का, साधं, दुसरं काही मिसळलेलं नको.’ जनऔषधी केंद्रात ते स्वस्त मिळतं. सहा आठवड्यांचा कोर्स तिघांना करायचा म्हटल्यावर हा फरक मोठा पडतो.

क्लोट्रिमॅझोलची पावडर येते तिच्याबद्दल एक गैरसमज आहे. चट्टा असताना पावडर मलमाचं काम करत नाही. बरं झाल्यावर, घाम येणाऱ्या जागी, सकाळी थोडीशी भुरभुरायला ती ठीक. मलमावर पावडर टाकली तर दोन्हीचा लगदा होतो, तो घडीत साचतो आणि कातडी सोलते.

मोरीचा दगड

कपड्यांविषयी लिहिते, कारण मलम नीट लावूनही उलटतं ते इथून. गजकर्णाच्या कोंड्यात बुरशीचे बीजकण असतात आणि कापडात, शिवणीत, इलॅस्टिकच्या घडीत ते महिनोन्‌महिने टिकतात. कोमट पाणी आणि साबणाने ते मरत नाहीत. ६० अंशांचं पाणी लागतं.

वॉशिंग मशीनला ६० चं बटण असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पितळी घंगाळ, स्टीलची बादली किंवा मोठं पातेलं घ्या (पातळ प्लास्टिकची बादली मऊ पडते). दोन तांबे उकळतं पाणी आणि एक तांब्या गार, या प्रमाणात पाणी साधारण ७५ अंशांवर येतं. कपडे घातल्यावर ते थोडं उतरतं. झाकण ठेवून अर्धा तास बुडवून ठेवा, मग साबण लावून नेहमीसारखे धुवा. कपडे काठीने दाबा, हात घालू नका, भाजेल. आतले कपडे, बनियन, परकर, टॉवेल, चादर आणि उशीचा अभ्रा यांना हे करायचंच. आतले कपडे आणि टॉवेल रोज, चादर आणि अभ्रे आठवड्यातून दोनदा. ज्या तिघांना झालंय त्यांचे कपडे मळक्या ढिगातही वेगळे ठेवा. सगळ्यांचे एकत्र भिजवले तर कोंडा सगळ्यांच्या कपड्यांना लागतो.

वाळवताना कपडे उलटे करा, शिवण बाहेर आली पाहिजे. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा इस्त्री हाच उन्हाचा पर्याय. कपडा किंचित दमट असताना सुती कपड्याच्या आकड्यावर इस्त्री ठेवून कमरेची पट्टी, मांडीची शिवण, काखेची शिवण सावकाश दाबत जा. नुसती वरून फिरवलेली इस्त्री शिवणीपर्यंत पोहोचत नाही. दमट चड्डी अंगावर वाळेल म्हणून घालणं तर अजिबात नको. पावसाळ्यापुरते सुती आतले कपडे प्रत्येकी सात-आठ जोड ठेवा. जीन्स आणि घट्ट लेगिंग या सहा आठवड्यांत बाजूला, सुती पायजमा किंवा सैल सलवार चालेल.

आता एक गोष्ट जी कुणी विचारत नाही: करदोटा. कमरेचा काळा दोरा आंघोळीत भिजतो, दिवसभर ओला राहतो, घामाने कुजतो, आणि कमरेवरचा चट्टा त्याच्याच रेषेत फिरतो. बरं होईपर्यंत तो काढून ठेवा. घरात श्रद्धेचा प्रश्न असेल तर बरं झाल्यावर नवा बांधा, जुना नको. हातातला गंडा, कापडी घड्याळपट्टा, कमरेचा पट्टा यांनाही हेच लागू. परकराची नाडी रोज एकाच जागी करकचून बसत असेल तर रुंद पट्टीची शिवून घ्या आणि बांधायची जागा बदलत राहा.

टॉवेल, साबण, कंगवा प्रत्येकाचा वेगळा. टॉवेल एकावर एक वाळत घातले तर वेगळे ठेवून उपयोग नाही, दोरीवर वीतभर अंतर हवं. खोली कोरड्या झाडूने झाडल्यावर कोंडा उडतो, त्यामुळे झाडण्याआधी एकदा ओलं फडकं फिरवा.

ओसरी

खूप उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. आणखी तीन शंका. क्लोबेटासॉल एकदम बंद केल्यावर खाज भडकली तर काय? टाकळ्याचा पाला वाटून लावतात, लसूण चोळतात, ते चालेल का? आणि आजींना आधीपासूनच मलम लावून ठेवायचं का?

चर्मविद्या

भडकेल, हे धरूनच चाला. बहुधा पहिल्या आठवड्यात लाली वाढते, जळजळ होते, झाकून राहिलेले चट्टे ठळक दिसू लागतात. नवं मलम मानवलं नाही असं वाटून लोक इथे परत जुन्या ट्यूबकडे वळतात. ते करू नका. थंड पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ सुती फडकं दहा मिनिटं ठेवा, मग जागा कोरडी करा. मोठ्या माणसाला रात्री सेट्रिझीन १० मिलिग्रॅम चालतं. त्याने झोप येते, म्हणून गोळी घेऊन गाडी चालवायची नाही. मुलाच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा. मात्र जुनं मलम कुणी महिनोन्‌महिने, मोठ्या भागावर लावलं असेल आणि बंद केल्यावर गळून गेल्यासारखं वाटत असेल, उलट्या किंवा चक्कर असेल, तर घरी थांबू नका. लगेच डॉक्टरकडे जा आणि ट्यूब सोबत न्या.

आजींना काही दिसत नसताना मलम लावायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा चांगल्या उजेडात त्यांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या, जांघा आणि स्तनांखालची घडी पाहा. बेचकीत पांढरं, भिजल्यासारखं, सोललेलं दिसलं तर त्या चिखल्या. साखर असलेल्या माणसाच्या चिखल्यांतल्या भेगेतून जंतू आत शिरतात आणि पाय लाल होऊन सुजतो, म्हणून चिखल्यांच्या उपचाराला उशीर करू नका. घडीत लालभडक ओलसर चट्टा आणि त्याच्या बाहेर सुटे सुटे लाल ठिपके असतील तर ते गजकर्ण नसून बहुधा कॅन्डिडा, म्हणजे वेगळ्या जातीची बुरशी. तिथे साखर तपासणं हा उपचाराचाच भाग आहे.

उरलेल्या दोघांनाही एकदा नीट तपासा. लाजेने न सांगितलेली जांघ बऱ्याच घरांत निघते. ज्यांना ज्यांना चट्टा आहे त्यांनी एकाच दिवशी उपचार सुरू करायचा. एकाने आधी आणि दुसऱ्याने महिन्यानंतर केलं तर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते. आणि ज्याच्या जांघेत आहे त्याचे पाय बघाच. पायाला चिखल्या असतील तर चड्डी चढवताना बुरशी पायावरून जांघेत येते. पाय कोरडे करून आधी मोजे, मग चड्डी, आणि पाय पुसलेला टॉवेल वर न्यायचा नाही.

परसबाग

टाकळ्याबद्दल. आषाढात रस्त्याकडेला उगवतो, कोवळ्या पाल्याची भाजी होते तोच हा. संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात आणि दुसरं नाव दद्रुघ्न, म्हणजे दाद (गजकर्ण) मारणारा. बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावायची रीत जुनी आहे, तेव्हा लोक निराधार काही करत नाहीत. अडचण वापराची आहे. घरच्या लेपात औषधी अंश किती उतरला हे कुणाला मोजता येत नाही. लिंबाचा रस खाजवलेल्या कातडीला झोंबतो आणि ओला लेप घडीत तासन्‌तास राहिला की बुरशीला हवी तीच ओल मिळते. स्टिरॉइडने आधीच विरलेल्या जांघेत तर हा लेप नकोच. भाजी जरूर खा.

लसूण मात्र कुठेच चोळू नका. कच्च्या लसणाने कातडी भाजते, फोड येतात, आणि त्यात जंतू शिरले की मूळ चट्टा ओळखूही येत नाही. चुना, रॉकेल, टूथपेस्ट, ब्लीच, पाणी न घातलेलं जंतुनाशक द्रव, सगळ्यांची गोष्ट तीच. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर नुकसान नाही, पण त्याला उपचार समजून मलम चुकवू नका. वजरीने किंवा दगडाने चट्टा घासायचा मोह होतो. घासलेल्या कातडीत बुरशी आणखी सहज पसरते.

गोव्याचा एक जुना धागा यात आहे. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाची पूड पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ या नावाने नायट्यावर वापरली जाई. गुण यायचा, पण कातडी आणि कपडे तपकिरी-जांभळट व्हायचे आणि डोळ्याला हात लागला की डोळा सुजायचा. जहाल औषधाने नायटा जाळून काढायची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे हे त्यावरून कळतं.

सॅलिसिलिक आणि बेन्झोइक आम्लाचं जुनं मलम आजही मिळतं. त्यात बेन्झोइक ६ टक्के आणि सॅलिसिलिक ३ टक्के असतं. तळपायाच्या जाड कातडीला ते ठीक. जांघेत, चेहऱ्यावर आणि लहान मुलांना नको, फार जळतं.

चर्मविद्या

घरी कुठपर्यंत थांबायचं तेही सांगतो. मलम मापात लावून, कपडे वर सांगितल्याप्रमाणे धुऊन चार आठवड्यांत कड सपाट होत नसेल तर डॉक्टर. डोक्यात केस गळून कोंड्याचे चट्टे, नखं जाड आणि पिवळी, चेहऱ्यावर किंवा अंगभर पसरलेलं, गरोदर बाई, पू किंवा ताप, या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून डॉक्टर. डोक्याच्या आणि बहुतेक नखांच्या बुरशीला मलम पुरत नाही, पोटातूनच औषध लागतं.

तिथे गेल्यावर कड खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी करून घ्या. कोंड्यावर द्रावणाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघतात, थोड्याच वेळात कळतं. जायच्या आधी निदान आठवडाभर त्या चट्ट्याला काहीही लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही.

पोटातल्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आपल्याकडे सध्या फिरणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनीए असं स्वतंत्र नाव मिळालं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन नीट चालत नाही, कारण ते औषध ज्या एन्झाइमला अडवतं त्याचीच रचना बदललेली असते. इट्राकोनॅझोल देतात तेव्हा यकृत, हृदय आणि चालू असलेल्या गोळ्या बघून देतात. हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं.

आणखी एक, हे विसरू नका. चट्टा फिकट आहे, खाजत नाही, आणि पिनेचं टोक किंवा कापसाचा स्पर्श तिथे कमी कळतो, तर ते गजकर्ण नाही. कुष्ठरोग आहे का ते बघायला सरकारी आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर हातपाय पूर्ण वाचतात.

काउंटरपलीकडे

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल कुणाला लिहून मिळालीच तर ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. ती पोटातल्या आम्लात विरघळते. सोबत ॲसिडिटीची गोळी किंवा ॲन्टासिड घेतलं तर औषध अंगी लागत नाही. गोळ्या लिहून घेताना ॲसिडिटीची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ओसरी

आजपासून तिघांचं एकत्र सुरू करतो. एकच राहिलं: चट्टा गेला पण तिथे काळा डाग उरला तर मलम चालू ठेवायचं का?

चर्मविद्या

डाग आणि बुरशी वेगळी ओळखायची. डोळे मिटून बोट फिरवा. कड हाताला लागत नाही, कोंडा निघत नाही, खाज नाही, तर तो नुसता रंग आहे. जिथे सूज होती तिथे तो उरतो आणि काही महिन्यांत आपोआप फिकट होतो. त्याला गोरेपणाचं मलम लावू नका, त्यांतल्या कित्येकांत पुन्हा तेच स्टिरॉइड असतं. ज्या दिवशी कड हाताला लागेनाशी झाली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, तिघांची वेगवेगळी, आणि तिथून पुढचे १४ दिवस मोजून मलम लावा. कपडे गरम पाण्यात भिजवणं मात्र शेवटच्या माणसाचे १४ दिवस संपेपर्यंत सगळ्यांचं चालू ठेवा.